चेतापेशीच्या दारातला पाहुणा

"मला नक्की माहीत नाही, बघून सांगते." हे वाक्य मी एकाच प्राध्यापिकेच्या तोंडून ऐकलं. तलासरीच्या आमच्या कॉलेजात त्या जीवशास्त्र शिकवायच्या आणि मी प्रयोगशाळेत सहायक होतो. शिकवणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. 'माहीत नाही' म्हणताना त्यांची दाढ ठणकते. बाई हसत सांगायच्या आणि दुसऱ्या दिवशी खरंच बघून यायच्या.

२०१७च्या उन्हाळ्यात एक नवं पुस्तक चाळता चाळता बाई एका पानावर थांबल्या. वाढत्या चेतापेशीला फांदी फुटते ती ग्रोथ फॅक्टर नावाच्या वाढ घडवणाऱ्या प्रथिनामुळे, आणि तो थेट आत केंद्रकापर्यंत जाऊन हुकूम सोडतो, असं त्या जुन्या वहीवरून वर्षानुवर्षं शिकवत होत्या. पुस्तकात निराळंच होतं. हा पाहुणा पेशीच्या दारातल्या ग्राहीला, म्हणजे रिसेप्टरला, भेटतो, आणि तिथून पुढे आतले रेणू एकमेकांना जागं करत निरोप केंद्रकाला पोचवतात.

"भाऊ, उधव्याची ती मुलगी आठवते? तिनं चाचणीत हेच लिहिलं होतं. मी लाल रेघ मारली."

मुलगी पहिल्या वर्षानंतर कॉलेज सोडून गेली होती. मी म्हटलं, "बाई, दोन वर्षं झाली. कोणाच्या लक्षात असणार?"

"माझ्या आहे ना," बाई म्हणाल्या.

दुसऱ्याच दिवशी आम्ही शेअर रिक्षाने उधव्याला गेलो. मुलगी वाडीत मिरचीला पाणी देत होती. बाईंनी ना पाणी मागितलं ना ख्यालीखुशाली विचारली. उभ्या उभ्याच म्हणाल्या, "तुझं उत्तर बरोबर होतं. माझं चुकलं."

मुलीने पाण्याचा हंडा खाली ठेवला. मग म्हणाली, "बाई, तवा मी घरी येऊन लय रडली. पुस्तकात वाचून लिवलेलं, तरी चूक आलं. मंग वाटलं, आपल्याला हे जमायचं नाय."

बाई तिथेच बांधावर बसल्या. त्यांना रडताना मी पहिल्यांदा पाहिलं, आणि मला कुठे बघावं कळेना.

"जूनमध्ये ये," त्या शेवटी म्हणाल्या. "फॉर्म मी आणते."

"आन परत चुकलं तर?"

"मग दोघी मिळून बघू."

ती आली. तो धडा बाईंनी त्या वर्षी सगळ्या वर्गांना नव्याने शिकवला. बाजारातून टिकल्यांचं पाकीट आणलं. वर्गातली मुलं म्हणजे रेणू, टिकली म्हणजे फॉस्फेट. दारातल्या दोन ग्राहींनी एकमेकांच्या कपाळाला टिकली लावायची, मग त्यांनी पुढच्याला, त्याने त्याच्या पुढच्याला. टिकली लागली की जागं व्हायचं. शेवटचा फळ्यावरच्या केंद्रकाशी पोचून खडूने चेतापेशीची फांदी लांब करी. मिशी फुटलेली पोरं टिकल्या लावून लाजत होती. सुरुवातीला बाईंनी प्रत्येक वर्गाला सांगितलं, "आधी मी हे चुकीचं शिकवत होते. उधव्याच्या एका मुलीला ते आधी कळलं होतं." तिच्या वर्गात हे सांगितलं तेव्हा मुलीने मान खाली घातली, पण ती हसत होती.

२०१९च्या निकालाआधी दोन महिने बाई गेल्या. आजार त्यांनी कोणाला कळू दिला नव्हता.

निकाल लागला त्या दिवशी यादीत मुलीचं नाव प्रथम श्रेणीत दिसलं. मी यादी घेऊन धावतच स्टाफरूमकडे निघालो. दारापर्यंत पोचलो, "बाई!" अशी हाकही मारली. आतून एक नवे सर उठून म्हणाले, "कोण हवंय?"