वहिनींचा काटा थांबला तेव्हा

आमच्या वहिनी ऑपरेशनने गेल्या नाहीत.

असं डॉक्टर म्हणाले. लांज्यात लोक अजून वेगळंच बोलतात.

आज त्यांची पुण्यतिथी. आणि खरं सांगू, मला अजूनही नीट काही कळलेलं नाही.

वहिनी म्हणजे माझी थोरली जाऊ. आमचं काजू फोडायचं छोटं युनिट आहे, ते त्याच बघायच्या. आवाज असा की हायवेवरची एसटी थांबावी.

वजन एवढं की घरातला काटा पुरायचा नाही. गोणी तोलायच्या काट्यावर चढायच्या आणि स्वतःच म्हणायच्या, "बघा, एक नंबर माल!"

युनिटमधल्या बायका हसायच्या. त्याही हसायच्या.

पण आडवं झालं की त्यांचा श्वास अडकायचा. भिंतीला उशी लावून बसून झोपायच्या. शुगर होती, गुडघे गेलेले.

दोन हजार सहा-सातची गोष्ट. मुंबईला जाऊन पोट लहान करायचं ऑपरेशन करायचं ठरलं. बेरिअ‍ॅट्रिक हा शब्द आमच्याकडे कुणाला उच्चारताही येत नव्हता.

सासूबाई म्हणाल्या, "धड असलेलं पोट कशाला कापून घेतेस गो?"

"आई, मला एकदा आडवं निजायचंय."

मुंबईला ऑपरेशन झालं.

घरी आल्यावर त्यांचं खाणं माझ्याकडे आलं. आधी नुसतं पातळ, मग मऊ, मग जरा घट्ट. लहान वाटीभर. जेवताना पाणी नाही. एक घास जास्त झाला की उलटी.

वजन भराभर उतरलं. वहिनी आडव्या झोपायला लागल्या. दादा, म्हणजे माझे थोरले दीर, सगळ्यांना कौतुकाने सांगत सुटले.

आणि ऐन आंब्याच्या सीझनला काटा थांबला.

खाणं तेच. चालणं तेच. आठवडे गेले, काटा हलेना.

सासूबाईंनी मला मागीलदारी गाठलं. "खरं सांग, चोरून काय देतेस काय तिला?"

"नाही हो आई."

"मग उतरत का नाय?"

मला काय माहीत!

दादा एक दिवस युनिटमधल्या बायकांना हळूच विचारून आले, वहिनी काजू तोंडात टाकतात का म्हणून. टाकत नव्हत्या. पण त्यांनी विचारलं, हे वहिनींच्या कानावर गेलं.

त्या दिवसापासून वहिनी जेवायच्याच बंद झाल्या. कपभर ताक घ्यायच्या, त्यातलंही निम्मं टाकायच्या.

केस मूठमूठ गळायला लागले. आणि एका सकाळी युनिटमध्येच चक्कर येऊन पडल्या.

डोळे उघडल्यावर पहिलं वाक्य काय? "आता तरी उतरलं असेल ना गो?"

मी ओरडलेच. "वहिनी, जीव द्यायचाय का तुम्हाला?"

"पोट कापलं तरी मी होते तश्शीच," त्या म्हणाल्या. "चुकतंय कुठे, ते तू सांग."

दोघी रडलो.

मग मुंबईला दाखवायला नेलं. तिथली डाएटिशियन म्हणाली, "तुम्ही फार कमी खाताय. प्रोटीन तर नाहीच. वजन असं मधेच थांबतं, पुष्कळांचं थांबतं. तुमची चूक नाही."

"म्हणजे जास्त खाऊ?"

"हो."

वहिनी माझ्याकडे बघतायत, मी त्यांच्याकडे.

गाडीतून परत येत होतो. चिपळूण गेल्यावर वहिनी म्हणाल्या, "जन्मभर सगळे सांगतायत कमी खा. ही सांगते जास्त खा. कुणाचं ऐकू?"

डाएटिशियनचं ऐकलं. वाफवलेले मासे, अंडी सुरू केली.

आणि श्रावण आला! घरात मासे बंद, अंड्याचं नाव काढायचं नाही. आता काय करू म्हणून मी हैराण.

तर सासूबाई स्वतः चुलीपाशी उभ्या. कुळथाची पिठी केली, वाटीत घातली, भाताशिवाय वहिनींपुढे ठेवली.

"ह्याच्यात असतं हो तुमचं ते पोटीन. सावकाश खा, बाय माझे."

वहिनी वाटीकडे बघत राहिल्या. मग खाल्लं. सगळं.

त्या संशयाबद्दल सासूबाई कधी बोलल्या नाहीत. पण महिनाभर कधी पिठी, कधी मुगाचं कढण, मला चुलीपाशी येऊ दिलं नाही.

श्रावण संपता संपता काटा हलला.

पिठीने हलला? की हलणारच होता? माहीत नाही. परत थांबला, परत हलला, परत थांबला. शेवटी वहिनींनी रोज काट्यावर चढणंच सोडलं. "त्याला काय दाखवायचं ते दाखवू दे. मला भूक लागलीय."

त्या वर्षी गौरीसमोर त्यांनी फुगडी घातली. लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा.

"ये गो," म्हणून माझे हात धरले. गरगर, गरगर. शेवटी मीच म्हटलं, पुरे. त्यांनी मला सोडलं आणि शेजारच्या काकूंना ओढलं.

पुढच्या वर्षी ऐन पावसात त्यांना ताप आला. रत्नागिरीला नेलं, पण इन्फेक्शन रक्तात पसरलं होतं. चार दिवसांत सगळं संपलं.

डॉक्टर म्हणाले, ऑपरेशनचा संबंध नाही. तेराव्याला आलेल्या बायका म्हणाल्या, "पोट कापल्यावर अंगात ताकद कुठून राहणार?"

सगळे गेल्यावर दादांनी मला विचारलं, "आपण करायला नको होतं काय गो ते ऑपरेशन?"



मी एवढंच म्हटलं, "दादा, मला ठाऊक नाही. पण त्या गौरीला मी दमले, वहिनी नाही दमल्या."

दादा मान खाली घालून रडले. मग हलकेच हसलेही.

वहिनी, तुम्हाला मनापासून नमस्कार. जिथे असाल तिथे पोटभर जेवा.

तुमची धाकटी जाऊ