मृदंगाचं सेटिंग

दिवाळी झाली की आमचं गाव अर्धं रिकामं होतं. येलदरीकडच्या आमच्या भागातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात आणि त्यांच्याबरोबर आमचं भजनी मंडळही ट्रॅक्टरवर चढून जातं. टाळकरी गेले तर एक वेळ चालतं; मृदंगवालाच गेला की पेटीवाल्यानं काय करायचं? पेटीवाला मी. शाळेतून निवृत्त झालेला, बायको वारलेली, मुलगा पुण्यात. मारुतीच्या देवळातली एकादशी म्हणजे माझं माणसांत बसणं, आणि ती दरवर्षी टोळी परत येईपर्यंत बंद पडायची.

यंदा मुलानं त्याचा जुना लॅपटॉप दिला, एक छोटा कीबोर्ड दिला आणि साथ करणारं सॉफ्टवेअर टाकून दिलं. यात मृदंग, टाळ सगळं आहे, म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी गाडी धरली. सगळं होतं खरं, पण कीबोर्ड केबलनं जोडला तरी लॅपटॉप ओळखच दाखवेना. सेटिंगमध्ये जाऊन मिडी इनपुट म्हणून त्याचं नाव निवडावं लागतं, हे फोनवर कळलं. निवडलं, तर प्रत्येक सूर दोनदा वाजायला लागला. एकदा कीबोर्डमधून आणि किंचित मागून लॅपटॉपमधून. मुलानं सांगितलं, कीबोर्डचा स्वतःचा आवाज बंद करा. मी केला नाही. बरेच दिवस तसंच वाजवत बसलो. मागून कुणीतरी माझा सूर धरून येतंय असं वाटायचं, आणि खोटं कशाला बोलू, त्या घरात मला तेवढंच बरं वाटायचं.

पुढची भानगड लयीची. या यंत्राला लय आकड्यात लागते. मी उसाच्या फडावर मृदंगवाल्याला फोन लावला आणि विचारलं, आपल्या अभंगाची लय किती धरू? तो हसला. असलं काय मोजायचं असतंय का, ऐका, म्हणाला आणि जेवणाच्या ताटलीवर ठेका धरला. मी त्याच्याबरोबर लय पकडायच्या बटणावर बोट आपटत गेलो, तसा आकडा आपोआप पडला.

माझ्या फोनमध्ये बोलणं रेकॉर्ड होतं, त्याचाही उपयोग झाला. सुरुवातीला यंत्र टिकटिक करून मात्रा मोजून देतं. आमच्याकडे असलं कुणी करत नाही. मृदंगवाला हात उचलतो आणि म्हणतो, "हं, धरा मास्तर." ताटली वाजवण्याआधी सवयीनं तो तेच म्हणाला होता. मी तेवढा तुकडा कापून टिकटिकीच्या जागी बसवला. सेटिंगमध्ये तशी सोय होती, आणि माझी मलाच शाबासकी द्यावीशी वाटली.

एकादशीला देवळात स्पीकर मांडला. ऐकायला मागे राहिलेल्या म्हाताऱ्या बायका. पुढे बसली होती मृदंगवाल्याची आई. मुलगा-सून फडावर, ही घर राखायला एकटी. मी बटण दाबलं.

"हं, धरा मास्तर."

म्हातारीनं मान वळवली आणि ती दाराकडे बघतच राहिली. माझा हात अडला. यंत्र काही थांबत नाही, मृदंग एकटाच पुढे निघाला. मी तो बंद केला.

"आलाय का त्यो?" तिनं विचारलं.

नाही, फोनमधला आवाज आहे, असं मी सांगितलं. ती बरं म्हणाली. मग मी अभंग वाजवला, कसाबसा. प्रसाद घेऊन बायका गेल्या, ती मात्र थांबली. मी वायरी गुंडाळायला घेतल्या, तशी सरकत स्पीकरजवळ येऊन बसली.

"मास्तर, वाजिवणं ऱ्हाऊ द्या. त्यो बोलला तेवढंच लावा."

मी वायर पुन्हा जोडली. मृदंगाचा आवाज शून्यावर आणला, टाळाचाही आणला आणि बटण दाबलं. तो बोलला. पुढे स्पीकर गप्प होता, पडद्यावर मात्रा तेवढ्या सरकत होत्या, आणि आम्ही दोघंही दाराकडे तोंड करून बसलो होतो.