दोन पंख्यांचं की तीन पंख्यांचं?

बाजारात त्याला सगळे गरुड म्हणत. हे नाव त्यानं स्वतःच स्वतःला लावून घेतलं असावं, असा त्याच्या बायकोला दाट संशय होता. चष्म्याचं दुकान त्याचं, लोकांचे नंबर काढून पोट भरायचं, आणि पंचेचाळिशी उलटली तरी स्वतःच्या नाकावर चष्मा नाही, याची त्याला कोण ऐट! रोज सकाळी दुकान उघडलं की तो भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता फडक्यानं पुसायचा, मग उलट पावलांनी समोरच्या भिंतीपर्यंत जायचा आणि तळाची सगळ्यात बारीक ओळ घडाघडा म्हणून दाखवायचा. गिऱ्हाईक बसलेलं असलं तर जरा मोठ्यानं. बायको तिकडे कपाटात फ्रेमा मांडत असायची. ती मान वर करायची तसदीसुद्धा घेत नसे.

अशा या गरुडाचा जीव एका गोष्टीत अडकलेला होता, ती म्हणजे रविवारची सकाळ. त्याचा धाकटा भाऊ कधीचा परदेशी जाऊन राहिला होता. फोन केला तर धाकटा मिठाची गुळणी धरून बसायचा. 'बरा आहेस ना?' 'बरा आहे.' 'जेवलास?' 'जेवलो.' संपलं. पण कानाला हेडफोन लावून, कॅमेरा चालू करून दोघं कॉम्प्युटरवर एक लढाईचा खेळ खेळायला बसले की चमत्कार व्हायचा. धाकटा जीप हाकायचा, गरुड मागे बसून शत्रू हेरायचा आणि नेम धरायचा. आणि त्या धामधुमीत धाकटा मध्येच कधी ऑफिसातली भानगड सांगायचा, कधी आईची एखादी आठवण काढायचा. गरुडाला खेळात फारसा रस होता असं नाही. त्याला ते बोलणं हवं असायचं.

पण अलीकडे गाडी रुळावरून घसरली होती. शत्रू गवतात दडून बसायचा आणि गरुडाला सगळं रान हिरव्या लापशीसारखं दिसायचं. एकदा त्यानं एका झुडपावर इतक्या गोळ्या झाडल्या की धाकटा म्हणाला, "दादा, ते झाड मेलं रे. आता सोड त्याला." मग एका रविवारी तर त्यानं आपल्याच बाजूच्या गड्याला आडवा केला. धाकटा चाचरत म्हणाला, "दादा, मी काय म्हणतो, ऑफिसातला एक जण विचारत होता. त्याला घेऊ का तुझ्या जागी? तुलाही जरा आराम."

आराम म्हणे! पण तो पडला मोठा भाऊ, रडून कसं चालेल? "अरे, माझं ग्राफिक्स कार्ड जुनं झालंय. पडद्यावर चित्र रंगवायचं काम तेच करतं ना, तर ते दमलंय बिचारं. नवं टाकतो. एक रविवार दे मला," तो म्हणाला. धाकट्यानं दिला.

झालं, त्या दिवसापासून गरुडाच्या डोक्यात कार्ड घुसलं. त्याच्या मशीनला चालतील अशी दोन कार्डं निघाली. पहिलं, गार ठेवायला दोन पंखे असलेलं: वीज कमी खाणारं, आटोपशीर, पण मेमरी बेताची. दुसरं तीन पंख्यांचं: मेमरी भरपूर, पण एवढं लांबलचक की कॅबिनेटमध्ये मावायची मारामार, आणि त्याच्यासाठी पॉवर सप्लायही मोठा घ्यावा लागणार. गरुडानं या दोघांचा असा कीस काढला की विचारू नका. गिऱ्हाइकाच्या डोळ्यापुढे काच धरायची आणि मनात मात्र पंखे फिरायचे. जेवताना तुलनेचे व्हिडिओ. पडद्याच्या डाव्या अर्ध्यात एक कार्ड, उजव्या अर्ध्यात दुसरं, आणि त्यापुढे गरुड, नाक पडद्याला टेकवून.

"अहो, मुलगी बघायला आला होतात तेव्हा माझ्याकडे एवढं निरखून बघितलं नव्हतंत," बायको म्हणाली.

"तेव्हा कुठे दोघींत निवडायचं होतं?" गरुड म्हणाला, आणि त्या दिवशी स्वतःचं ताट स्वतः वाढून घेतलं.

शनिवारी दुपारी बायकोच त्याला ओढत दोन गल्ल्या पलीकडच्या कॉम्प्युटरवाल्याकडे घेऊन गेली. एकदाचा सोक्षमोक्ष लागू दे, असं तिचं म्हणणं. कॉम्प्युटरवाला हौशी. त्यानं दोन मशीन शेजारीशेजारी मांडली, एकात एक कार्ड, दुसऱ्यात दुसरं, आणि दोन्हींवर तोच लढाईचा खेळ लावला.

"बघा गरुडशेठ. पहिलं का दुसरं?"

गरुड या पडद्यावरून त्या पडद्यावर गेला. त्या पडद्यावरून या पडद्यावर आला. खुर्ची पुढे घेतली, मागे घेतली.

"दोन्ही सारखंच दिसतंय," तो म्हणाला.

"सारखं?" कॉम्प्युटरवाल्याचा चेहरा पडला. "शेठ, अहो, इकडे झाडाचं पान न् पान वेगळं दिसतंय! ते बघा, गवतात माणूस बसलाय."

"कुठे?"

बायको पडद्याकडे बघतच नव्हती. ती नवऱ्याकडे बघत होती. दुकानात खुर्चीवर बसलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला तो जे दटावून सांगायचा, ते तिनं आता त्यालाच सांगितलं.

"डोळे बारीक करायचे नाहीत."

गरुडानं चमकून डोळे उघडले. "मी कुठे करतोय?"

"चला दुकानात," बायको म्हणाली.

दुकानात येताच गरुडानं आपण होऊन भिंतीला पाठ लावली आणि तक्त्याची तळओळ नेहमीसारखी घडाघडा म्हटली. बायकोनं ऐकून घेतली. मग तिनं काचा पुरवणाऱ्या विक्रेत्यानं मागेच देऊन ठेवलेला, कपाटामागे धूळ खात पडलेला नवा तक्ता काढला, गुंडाळी सोडली आणि जुन्यावर टांगला.

"आता हा वाचा."

वरच्या ओळी कशाबशा निघाल्या. खाली तर सगळ्या मुंग्याच. इतकी वर्षं रोज सकाळी तो वाचत नव्हता, नुसता पाठ म्हणत होता! भल्याभल्यांना 'पाठ करून आलात का?' म्हणून पकडणारा गरुड आज स्वतःच सापडला होता.

बायकोनं त्याला खुर्चीत बसवलं आणि एकेक काच धरत अगदी त्याच्याच सुरात विचारायला लागली, "पहिलं का दुसरं? घाई नको. पुन्हा बघा." निघाला चांगला सिलिंडर नंबर, म्हणजे लांबचंही पसरट, जवळचंही पसरट. एव्हाना गरुडाची मान खाली गेली होती. "बाजारात कळलं तर?" एवढंच तो पुटपुटला. फ्रेम बायकोनं निवडली. कुणी त्याला विचारलंच नाही.

रविवारी सकाळी गरुड नाकावर चष्मा चढवून बसला. मशीन तेच, कार्ड तेच. पण रान कसं धुऊन काढल्यासारखं स्वच्छ! जीप निघाली मात्र, "डावीकडे, पडक्या भिंतीमागे, दोघं!" तो ओरडला. दोघंही आडवे. "पुलाखाली एक!" तोही गेला.

"दादा!" रस्त्यावरची नजर न हलवता धाकटा आनंदानं किंचाळला. "कुठलं कार्ड घेतलंस रे? दोन पंख्यांचं की तीन?"

गरुड सांगणार, तेवढ्यात त्याची नजर पडद्याच्या कोपऱ्यातल्या छोट्या चौकोनाकडे गेली. तिथे दर रविवारी धाकट्याचा चेहरा असायचा, बोटाच्या पेराएवढा. आज तो चेहरा नीट दिसत होता. कानशिलांवरचे केस पांढरे झाले होते. गाल बसले होते. कपाळावर बाबांच्या होत्या तशाच आडव्या आठ्या होत्या.

"अरे," गरुड म्हणाला, "तुझे केस कधी पिकले?"

धाकट्यानं जीपचा वेग कमी केला.

"झाली की दोन वर्षं," धाकटा हळूच म्हणाला. "नोकरी गेली होती ना मध्ये, तेव्हा. नवी मिळेपर्यंत हाल झाले. कुणाला सांगितलं नाही. मला वाटलं, तुला दिसलंय सगळं, आणि तू मुद्दाम विचारत नाहीयेस."

कार्डाच्या पंख्यांपर्यंत सगळं गरुडानं निरखून पाहिलं होतं. "मी कार्ड नाही घेतलं रे," तो म्हणाला. "चष्मा घेतला. मला दिसतच नव्हतं. देवाशपथ दिसत नव्हतं." आणि त्यानं कॅमेऱ्यासमोर चष्मा काढून दाखवला, परत घातला.

धाकटा आधी हसला, मग हसता हसता त्याचा आवाज चिरकला. जीप माळावर मधोमध उभी राहिली होती. कुणीतरी आलं, दोघांनाही टिपून गेलं. दोघांच्याही ते लक्षात आलं नाही. धाकटा त्या दोन वर्षांबद्दल बोलत होता. बायको चहा ठेवून गेली तरी गरुडाचा हात कपाकडे गेला नाही.

"मग तो ऑफिसातला?" बऱ्याच वेळानं गरुडानं विचारलं.

"त्याला सांगतो, जागा नाही म्हणून," धाकटा म्हणाला. "पुढच्या रविवारी ये. आणि दादा, चष्मा लावून बस."