पुरस्कर्ता म्हणजे पुढे करणारा

“याचा चॅम्पियन कोण?” मॅनेजर नायर सरांनी माझा सूचनेचा फॉर्म परत सरकवला. तो रकाना मी रिकामा ठेवला होता.

बंगळुरात, इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या आमच्या कंपनीत लिफ्टचे कंट्रोल बोर्ड बनतात. मी टेस्टिंगला होतो, प्रोबेशनवर. बोर्डाची आधी बर्न-इन टेस्ट व्हायची. म्हणजे गरम पेटीत तो चालू ठेवायचा. कच्चा असेल तर इथेच बंद पडावा. मग व्हायब्रेशन टेस्ट, म्हणजे ट्रकमध्ये बसतात तसे हादरे. दोन्हींत पास झालेले काही बोर्ड ग्राहकाकडे पोचून बंद पडत होते. मला वाटत होतं, क्रम उलटा हवा. सोल्डरचा सांधा हादऱ्याने तडकतो, पण सुटतो तो गरम झाल्यावर. हे तपासायला शुक्रवारचा माल अडवावा लागणार होता. अंदाज चुकला तर माझं कन्फर्मेशन गेलंच. घरातला पहिला पदवीधर मी. गावी काय सांगणार होतो?

ज्युनिअरची सूचना सीनिअरने मांडायची, असा आमच्याकडे रिवाज. तो सीनिअर म्हणजे चॅम्पियन. डिझाइनच्या सुलोचनाअक्कांनी सही केली. त्यांचं मराठी घर पिढ्यान्‌पिढ्या बंगळुरातलं, बोलण्यात कानडी शब्द यायचे.

मीटिंगमध्ये सर म्हणाले, “अक्का, सांगा.”

“तो सांगेल.”

“चॅम्पियन तुम्ही आहात.”

“आमच्या मराठीत पुरस्कर्ता म्हणतात, सर. शब्द संस्कृतातला. पुरस् म्हणजे पुढे, कर्ता म्हणजे करणारा. मी बोलले तर कल्पना माझी होऊन जाईल.”

“छान. म्हणजे माल अडला तर हा पुढे आणि तुम्ही मागे?”

“सही कुणाची आहे बघा. जाब मला विचारा.” मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “स्वल्प सावकाश बोल रे. इंग्रजी चुकलं तर चुकू दे.”

माझं इंग्रजी तालुक्याच्या शाळेतलं. दोनदा अडखळलो. अक्का एकदाही मध्ये बोलल्या नाहीत. सरांनी शुक्रवारच्या मालातले दहा बोर्ड उलट्या क्रमाने तपासायला दिले.

नऊ पास झाले. दहावा पेटीत तासाभरात बंद पडला. भिंगाखाली सांध्यावर केसाएवढी तड दिसली. शुक्रवारचा माल थांबला, क्रम बदलला, मी कन्फर्म झालो. आभार मानायला गेलो तर अक्का म्हणाल्या, “सरी, ठीक आहे. आता रिपोर्टातली स्पेलिंगं बघ.”

हल्ली सूचनांवर सही माझी लागते. सही सोपी असते. ज्युनिअर अडखळतोय आणि उत्तर आपल्याला येतंय, अशा वेळी तोंड मिटून बसणं मला अजून नीट जमत नाही.