रस्त्यापलीकडचं पाणी

पाथरशेतात मल्हारीतात्यांना हाक मारायची वेळ सहसा येत नाही. लोक त्यांची वाट पाहत असतात. ग्रामपंचायतीचे ते वॉलमन, आळीआळीला पाळीनं पाणी सोडणारे. लांब दांड्याची लोखंडी चावी खांद्यावर टाकून तात्या आळीच्या तोंडाशी दिसले की बाया हंडे घेऊन ओट्यावर येतात. कुणी चहाला बोलावतं, कुणी "आमचीच धार कशी बारीक?" म्हणून भांडतं. तात्या चहा कुणाकडेच घेत नाहीत. एका घरचा घेतला की शेजारच्या घराला धार बारीक वाटू लागते, हा त्यांचा अनुभव.

नाशिक शहर वाढत वाढत पाथरशेतच्या वेशीशी येऊन ठेपलं आहे. मधे एक डांबरी रस्ता. अलीकडे ग्रामपंचायत, पलीकडे शहराच्या हद्दीत गेलेली श्रीरंग कॉलनी. कॉलनी नवी होती तेव्हा तिला गावच्याच टाकीचं पाणी मिळायचं. पुढे शहराची लाइन आली आणि तात्यांनी वॉल फिरवून गावची जोडणी बंद केली. पाइप मात्र जमिनीत तसाच राहिला.

भांडण होतं ते मोठ्या जलवाहिनीवरून. शहराला पाणी नेणारी ती जाडजूड लाइन पाथरशेतच्या शिवारातून जाते. गावानं त्यातलं पाणी मागितलं, तेव्हा कॉलनीतले लोक म्हणाले, "आम्ही घरपट्टी भरतो, पाणीपट्टी भरतो. तुम्हीही हद्दीत या, भरा आणि घ्या." गाव म्हणालं, "पाइप आमच्या बांधातून गेला, तुमचं सांडपाणी आमच्या ओढ्यात येतं. त्याची पट्टी कोण भरतं?" दोघांचंही थोडं थोडं खरं होतं, म्हणून भांडण मिटेना. शेवटी ग्रामसभेनं ठराव केला, रस्त्यापलीकडे गावचा थेंबही जाणार नाही. हात वर करणाऱ्यांत तात्याही होते.

मे महिन्यात शहराची लाइन दुरुस्तीला निघाली आणि कॉलनीचे नळ कोरडे पडले. त्या दिवसांतल्याच एका सकाळी तात्या टाकीकडे निघाले होते, तर पलीकडे दिवाकरराव दीक्षितांच्या दारात माणसं जमलेली. कॉलनीतलं सगळ्यात पहिलं घर त्यांचं. अंगणात त्यांच्यासाठी तिरडी बांधणं चाललं होतं आणि टेम्पोतून विकतच्या पाण्याचे गार जार उतरत होते. दिवाकररावांची सून यशश्री शेवटच्या आंघोळीसाठी एका जारचं झाकण काढत होती. त्यांच्या पत्नी इंदिराबाई तिला म्हणत होत्या, "अगं, त्यांना गार पाणी सोसत नाही."

पाथरशेतची एक रीत आहे. ज्या घरी मयत होतं, त्या आळीला पाळी नसली तरी पाणी सुटतं. त्यासाठी कुणाला विचारावं लागत नाही की सांगावं लागत नाही. तात्यांचे पाय आपोआप कॉलनीच्या बंद वॉलकडे वळले. चावी बसली, गंजलेला वॉल दोन हिसक्यांत फिरला. ठराव आठवला तो टाकी तळाला गेल्यावर. त्या दिवशी पाळी होती खालच्या आळीची. तिथले नळ नुसते फुसफुसले.

संध्याकाळी सरपंच तेजस्विनी घरी आली. "तात्या, खालच्या आळीचा गोरक्ष पेटलाय. तुम्हाला कामावरून काढा म्हणतोय. मी सभेत सांगते, वॉल जुना होता, गळला. विषय संपला."

"मग पाइपच तोडायला लावतील."

"तोडू देत. तुमची नोकरी तर राहील!"

 तात्यांची मुलगी निकिता नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती आणि घरात दुसरी मिळकत नव्हती. तेजस्विनी चांगल्यासाठीच सांगत होती, हेही त्यांना कळत होतं.

सभा मारुतीच्या पारावर भरली. "पाणी कुणी सोडलं?" गोरक्षनं विचारलं. तेजस्विनी बोलणार तोच तात्या उठले.

"मी सोडलं. वॉलला काय झालेलं नाय. दिवाकरराव गेले व्हते."

"वा तात्या! ते आपल्याला प्यायला देईनात, अन् तुम्ही त्यांना आंघोळी घाला!"

मागून कुणी तरी हसलं. खालच्या आळीच्या बयाबाई कंबरेवर हात ठेवून पुढे आल्या. "मेल्या मल्हारी, माझे हंडे दिवसभर उपडे होते!"

"चुकलं, मावशी."

"चुकलंच! सोडायचं होतं तर आधी सांगायचं नाय? आळीतून घरटी एकेक कळशी आम्हीच नेऊन दिली असती. मयताचं घर ते."

"मावशे, ते घर शहरात हाय," गोरक्ष म्हणाला.

"शहरात मेला म्हणून माणूस काय कमी मेला, रे?"

यावर कुणी हसलं नाही. बराच खल झाला आणि मग हात वर झाले. तात्या कामावर राहिले, पाइपही राहिला. ठरावात एवढीच भर पडली, की मयत असलं तर पाणी पलीकडे जाईल, पण ज्या आळीची पाळी असेल तिला आधी सांगून.

गोरक्षनं हात वर केला नव्हता. लोक उठू लागले तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे मेला की आपला, अन् जिता हाय तोवर परका? मग जित्यांचं कधी ठरवायचं, ताई?"

प्रश्न रागानं विचारलेला होता, पण खोटा नव्हता. तेजस्विनी म्हणाली, "ते ठरवायला दोन्हीकडची माणसं एका सभेत बसायला हवीत. तशी सभाच कुठं आहे?"

"मग बोलवा की."

"तूच जा ना बोलवायला."

गोरक्ष गडबडला. "मला कोण वळखतं तिकडं?"

"मला वळखतात," तात्या म्हणाले. "मी येतो तुझ्यासंगं." आणि गोरक्ष लगेच चपला शोधू लागलेला पाहून त्यांनी त्याचा दंड धरला. "आज नको रे. दिवाकररावांचं तेरावं होऊ दे."