मारियामाता सिद्राच्या घरी

मारियामातेची मूर्ती दर आठवड्याला गल्लीतल्या एका घरी मुक्कामाला जायची. त्या घरी रोज संध्याकाळी जपमाळ, आलेल्यांना काहीतरी गरम खायला, आणि शेवटच्या दिवशी घरच्या बाईने आपलं मागणं मोठ्याने सांगायचं. जपमाळ चालवणारी म्हातारी टोनयांग ते पुन्हा म्हणायची आणि मग सगळ्या एका सुरात, "माते, आमचं ऐक!" फिलिपिन्समधल्या लुंबान गावात हे कुणालाच चुकलं नव्हतं, सिद्राला तरी कसं चुकणार?

सिद्राचा जीव मेटाकुटीला आला होता. लेक निंग जन्मापासून अंथरुणावर. आता चांगली पस्तिशीची बाई झालेली. तिला उचलायचं, न्हाऊ घालायचं, भरवायचं, रात्री कूस बदलायची आणि उरल्या वेळात अननसाच्या पानांच्या धाग्याच्या कापडावर भरतकाम करून पोट भरायचं. नवरा कधीच गेला. त्यात परवा डॉक्टरांनी सिद्रालाच दटावलं होतं, "हृदय थकलंय तुमचं. वजन उचलायचं नाही." सिद्राला हसूच आलं. वजन म्हणे! त्या वजनाला नाव होतं आणि ते घरी भुकेलं पडलं होतं.

दरवर्षी ती एकच मागायची, निंगच्या पायांत बळ येऊ दे. खरं तर नणंद बेलेन ते मागायला लावायची. सिद्राचा त्या मागण्यावरचा विश्वास केव्हाच उडाला होता. मातेवरचाही उडालाय की काय, हे तिचं तिलाच ठाऊक नव्हतं. तेवढा विचार करायलाही अंगात त्राण लागतं.

शेवटच्या संध्याकाळी ती आल्याची पेज ढवळत असताना बेलेन मागे येऊन उभी राहिली.

"वहिनी, यंदा जरा मनापासून माग. तुझं तोंड मागतं आणि मन चुलीपाशी असतं. देवाला काय कळत नाही?"

"मग तू माग की. आणि मागून झालं की रात्री तिची कूस बदलायलाही थांब."

बेलेनने तोंड वाकडं केलं आणि वाट्या घेऊन बाहेर गेली.

निंग मात्र खुशीत होती. तिला धड चार शब्द येत नसत, पण मागण्यानंतरचं ते एका सुरातलं उत्तर गल्लीतल्या बायांनीच तिला लाडाने शिकवलं होतं. तिने ते ठणकावून म्हटलं की सगळ्या हसायच्या, "बघा, आमच्यात खरी भाविक हीच!"

जपमाळ संपली. टोनयांग म्हणाली, "सांग, सिद्रा."

सिद्रा उभी राहिली. यंदा खोटं बोलायचं नाही, एवढंच तिने ठरवलं होतं.

"माते, माझ्या आधी हिला ने. एकच दिवस आधी ने, पण आधी ने. माझ्यामागे हिचं कोण करणार?"

टोनयांगला ते पुन्हा म्हणवेना. कुणी कुणाकडे बघेना.

तेवढ्यात खाटेवरून निंगचा आवाज आला, नेहमीसारखा ठणठणीत. "माते, आमचं ऐक!"

कुणी साथ देईना, तशी ती गोंधळली. सगळ्या विसरल्या असतील असं वाटून तिने पुन्हा, आणखी मोठ्याने म्हटलं आणि शाबासकीसाठी आईकडे पाहून हसली.

सिद्रा धावली. लेकीचं डोकं तिने छातीशी घट्ट धरलं आणि मूर्तीकडे बघून ओरडली, "हिचं ऐकू नकोस गं! माते, हिचं ऐकू नकोस!"