हलू नका

"हलू नका!" उजवा हात वर करून सर ओरडायचे. फोटो असो, वर्ग असो, नाहीतर जेवणाची पंगत, या माणसाला समोरचं सगळं जागच्या जागी लागायचं.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी सर दरवर्षी खर्डीच्या एका सभागृहात तरुण शास्त्रज्ञांना शिकवायला यायचे. मी मुरबाडच्या कॉलेजातला मास्तर, व्यवस्था बघायचो. विषय मोठा सुंदर: एकच प्रथिन तीन तऱ्हांनी बघायचं. त्याचे स्फटिक करून क्ष-किरणांनी, पाण्यात विरघळवून चुंबकाच्या यंत्रात, आणि इलेक्ट्रॉनच्या सूक्ष्मदर्शकाखाली. मग तिन्ही जुळवून त्याचा आकार ठरवायचा. "तिघांचं ऐका," सर फळ्यावर लिहायचे. स्वतः कुणाचं ऐकतील तर शपथ! हयात स्फटिकांत गेलेली. बाकीची दोन यंत्रं म्हणजे त्यांना लग्नातले लांबचे पाहुणे. या, बसा, जेवा, पण मध्ये बोलू नका.

उंबरमाळीची सुजाता पीएचडी करत होती, सरांच्याच हाताखाली. तिच्या प्रथिनाचं एक टोक स्फटिकात एका जागी ठाम दिसायचं. चुंबकाच्या यंत्रात मात्र ते सारखं हलत होतं. स्फटिकात रेणू एकमेकांना दाटीवाटीने दाबून बसतात, म्हणून तिथे ते गप्प, असं तिचं म्हणणं. सगळा प्रबंध त्यावर उभा होता, आणि सही सरांची लागणार होती.

"जुळत नाही ते गाळा," सर म्हणाले.

"नाय सर. हलतं ते. गाळलं तर खोटं होईल."

"आधी यंत्र नीट लावायला शीक. सही हवीय ना?"

भर वर्गात म्हणाले हो हे! कसला दीडशहाणा माणूस! मला तेव्हा चीड आली, आजही येते.

शेवटच्या संध्याकाळी ग्रुप फोटो काढला. आभाळ भरलेलं, उजेड कमी. सर मधोमध, हात वर, "हलू नका!" शहापूरहून फोटो धुऊन आला तो मी मुंबईला त्यांच्या प्रयोगशाळेत नेऊन दिला. आम्ही सगळे लख्ख. सरांच्या हाताच्या जागी नुसता धुरकट पट्टा.

"भिकार कॅमेरा," सर म्हणाले.

"कॅमेरा बरा आहे सर," सुजाता म्हणाली. "हात हलला तुमचा. दिसत नाय, तर गाळायचा का?"

सर लालबुंद झाले. पण महिन्याभरात सही केली. सुधारले म्हणता? छे! पुढच्या वर्षी खर्डीला तिच्या प्रथिनाचं तेच जुनं स्फटिकातलं चित्र दाखवलं, टोक ठाम.

सर गेले तेव्हा त्याच सभागृहात शोकसभा झाली. आता तिथे सुजाता शिकवते. सरांचा हसरा फोटो तेवढा एकच, म्हणून त्या ग्रुप फोटोतूनच मोठा करून आणला होता. स्टुडिओवाल्याने तो पट्टा वाईट दिसतो म्हणून साफ पुसलेला. हाराखाली बाही कोपरापाशीच संपत होती.

सुजाताने हार जरा बाजूला सारला आणि त्या बाहीच्या टोकावर बोट ठेवलं.

"होता ओ त्यांना हात," ती म्हणाली. "हलत होता फक्त."